सदतीस वर्षांनीं परतलेला खेळ

एखादें जुनें पुस्तक पुन्हा छापावयाचें झालें तर काय लागतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. मूळ प्रत मिळवावी, खिळे जुळवावे, मुद्रितें तपासावीं, आणि लेखकाची किंवा त्याच्या वारसांची संमति घ्यावी, कीं काम झालें. जुनें नाटक रंगभूमीवर पुन्हा आणावयाचें तर संहिता हवी, नट हवेत, आणि पदांच्या चाली आठवणारें एखादें वृद्ध माणूस हवें. परंतु ज्या कृतीला पुस्तकहि नाहीं आणि संहिताहि नाहीं, जी एका विशिष्ट यंत्राच्या पोटांत जन्मली आणि त्या यंत्राबरोबरच मोडींत निघाली, ती पुन्हा लोकांच्या हातीं द्यावयाची असेल तर काय करावें? जुने व्हिडिओ गेम नव्या यंत्रांवर पुन्हा प्रसिद्ध करणाऱ्यांपुढें हाच प्रश्न उभा असतो, आणि आज त्याचाच थोडा विचार आपण करूं.

'व्हिडिओ गेम' हे शब्द ऐकल्याबरोबर पुष्कळांच्या मनांत येईल कीं, हा तर पोरखेळ. त्याची एवढी उठाठेव कशाला? परंतु हाच आक्षेप एके काळीं चित्रपटांवरहि घेतला जात असे, आणि त्या आक्षेपाची किंमत आपण पुरती मोजली आहे. भारतांतील पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत झळकला. आज त्या बोलपटाची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. हा जपून ठेवण्याजोगा ठेवा आहे असें वेळेवर फारसें कोणास वाटलें नाहीं. व्हिडिओ गेमच्या बाबतींत तीच वेळ आज आली आहे. अमेरिकेंतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेनें २०२३ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ बाजारांत विकत मिळत नाहींत, असा तिचा निष्कर्ष आहे. म्हणजे शंभरांतील तेरा खेळ काय ते राजरोस मिळतात. बाकीच्यांसाठीं जुन्या बाजाराचें किंवा आडवाटेचें साह्य घ्यावें लागतें.

प्रथम 'आर्केड' या शब्दाचा अर्थ पाहूं. माणसाच्या उंचीचें एक कपाट, त्यांत बसविलेला कांचेचा चित्रपडदा, त्याखालीं एक दांडा व एकदोन बटणें, आणि दर्शनी बाजूस नाणें टाकण्याची फट, असें हें यंत्र असे. अशीं यंत्रें ओळीनें मांडलेल्या जागेस आर्केड म्हणत. आमच्या मुंबई-पुण्याकडे त्यालाच पुढें व्हिडिओ पार्लर म्हणूं लागले. नाणें टाकावें, कांहीं मिनिटें खेळावें, हरावें, आणि ईर्षेनें दुसरें नाणें काढावें, हा तेथला व्यवहार. सामान्यतः एका यंत्रांत एकच खेळ असे. किंबहुना तें यंत्र म्हणजेच तो खेळ. याच्या उलट 'कन्सोल' म्हणजे घरच्या टेलिव्हिजनला जोडावयाचें लहानसें यंत्र. त्यावर पाहिजे तितके खेळ आळीपाळीनें खेळतां येतात. पहिल्या प्रकारच्या यंत्रांतला खेळ दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर आणणें, हें आपल्या विषयाचें सार आहे.

उदाहरणादाखल 'डाँकी काँग' हा खेळ घेऊं. निंटेंडो ही जपानांतील क्योटो शहराची कंपनी १८८९ सालीं पत्ते बनविण्याच्या धंद्यांत निघाली, आणि पुढें खेळणीं करीत करीत व्हिडिओ गेमकडे वळली. १९८० सालीं तिनें 'रडार स्कोप' नांवाचा एक खेळ काढला. अमेरिकेंतील शाखेनें त्याचीं यंत्रें मोठ्या संख्येनें मागविलीं; परंतु खेळ तेथें चालला नाहीं आणि सुमारें २,००० यंत्रें गुदामांत पडून राहिलीं. त्या यंत्रांत बसेल असा दुसरा कांहीं खेळ तयार करण्याचें काम कंपनीच्या अध्यक्षांनीं शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे सोंपविलें; गुनपेई योकोई हे त्याचे मार्गदर्शक होते. मियामोतो हा यंत्रज्ञ नव्हता. त्यामुळें त्यानें प्रथम गोष्ट रचली आणि मग तिच्यासाठीं खेळ बांधला.

गोष्ट अगदीं साधी आहे. एक दांडगा वानर एका तरुणीस पळवून लोखंडी तुळयांच्या अर्धवट इमारतीवर चढून बसतो. खालीं एक ठेंगणा सुतार. त्यानें तुळयांवरून धांवत, शिड्या चढत, वानरानें लोटलेलीं पिंपें उडी मारून चुकवीत वर पोंचावयाचें. २५, ५०, ७५ आणि १०० मीटर उंचीचे असे चार टप्पे, आणि प्रत्येकाची रचना निराळी. जुलै १९८१ मध्यें हा खेळ जपानांत आला, अमेरिकेंत पडून राहिलेल्या यंत्रांचें रूपांतर झालें, आणि कंपनीचें दैव फिरलें. त्या सुतारास आरंभीं 'जंपमॅन' म्हणत. पुढें तोच 'मारिओ' या नांवानें जगाच्या पांठीवर घरोघर पोंचला. उडी मारून अडथळा ओलांडणें ही क्रिया आज असंख्य खेळांत आढळते. ती रूढ करण्याचें पुष्कळसें श्रेय या खेळाकडे जातें.

इतका कीर्तिवंत खेळ पुन्हा पुन्हा बाजारांत येत राहिला असेल, असें आपणांस वाटेल. तो आला, पण मूळ रूपांत नव्हे. १५ जुलै १९८३ रोजीं निंटेंडोनें आपलें 'फॅमिकॉम' हें घरगुती यंत्र जपानांत विक्रीस काढलें, तेव्हां त्याबरोबर या खेळाची घरगुती आवृत्ति दिली. तींत चारांपैकीं तीनच टप्पे होते. सरकत्या पट्ट्यांचा ५० मीटरचा टप्पा गाळलेला होता. पुढें कंपनीनें आपल्या नवनव्या यंत्रांवर जी आवृत्ति विकली ती बहुतेक वेळां हीच. मूळ आर्केड खेळ १९९९ सालच्या दुसऱ्या एका खेळाच्या पोटांत बक्षिसादाखल दडविला होता खरा, परंतु स्वतंत्र रूपानें तो मिळत नव्हता. परिणाम असा झाला कीं, दोन पिढ्यांनीं संक्षिप्त आवृत्तीलाच मूळ ग्रंथ मानलें.

असें कां व्हावें? याचें कारण यंत्रशास्त्रांत नसून कायद्यांत आहे, असें या विषयाच्या बहुतेक अभ्यासकांचें मत आहे. खेळाची कल्पना व चित्रें मियामोतोचीं. परंतु त्या कल्पनेस यंत्राच्या भाषेंत उतरविणारी आज्ञावली, म्हणजे ज्याला प्रोग्रॅम म्हणतात ती, इकेगामी त्सुशिन्की या दुसऱ्या जपानी कंपनीच्या तंत्रज्ञांनीं लिहिली होती. निंटेंडोनें पुढील वर्षीं 'डाँकी काँग ज्युनिअर' हा खेळ काढला, तेव्हां मूळ आज्ञावली उकलून तिचा उपयोग केल्याचा आक्षेप आला. तसेंच ठरल्याबाहेर यंत्रपट्टे बनविल्याचाहि आक्षेप होता. १९८३ सालीं इकेगामीनें न्यायालयांत धांव घेऊन ५८ कोटि येनची भरपाई मागितली. त्या सुमारास संगणकाच्या आज्ञावलीस ग्रंथाप्रमाणें कर्तृत्वाचा हक्क लागतो कीं नाहीं, हेंच जपानांत नीट ठरलेलें नव्हतें. तेथील कायद्यांत आज्ञावलीचा स्पष्ट समावेश १९८५ सालीं झाला. अखेर १९९० सालीं उभयतांत तडजोड होऊन वाद मिटला. तडजोडीच्या अटी मात्र प्रसिद्ध झाल्या नाहींत.

याच खेळावर अमेरिकेंत झालेला खटला यापेक्षां अधिक गाजला. युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीनें १९८२ सालीं असा दावा लावला कीं, हा वानर म्हणजे आमच्या 'किंग काँग'ची नक्कल आहे. परंतु त्याच युनिव्हर्सलनें १९७५ च्या सुमारास दुसऱ्या एका वादांत किंग काँगची कथा ही सार्वजनिक मालमत्ता आहे असें प्रतिपादन केलें होतें. न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनीं १९८३ सालीं निंटेंडोच्या बाजूनें निकाल दिला आणि पुढील वर्षीं अपिलांतहि तोच कायम झाला. या दोन खटल्यांतील विरोध पाहण्याजोगा आहे. वानराच्या नांवाबद्दलचा वाद निंटेंडोनें भर न्यायालयांत जिंकला. परंतु तो वानर ज्या आज्ञावलीमुळें हलतो, तिच्या मालकीचा प्रश्न पडद्याआडच मिटला. वाचकांस लेखकाचें नांव ठाऊक असावें आणि लेखनिकाचें ठाऊक नसावें, पण पुनर्मुद्रणाच्या वेळीं लेखनिकानेंच वाट अडवून धरावी, अशांतला हा प्रकार आहे.

मूळ आर्केड 'डाँकी काँग' स्वतंत्रपणें पुन्हा प्रसिद्ध झाला तो १४ जून २०१८ रोजीं, म्हणजे सदतीस वर्षांनीं. तो आला निंटेंडोच्या 'स्विच' या यंत्रावर. परंतु काढला हॅम्स्टर या दुसऱ्या जपानी कंपनीनें. या कंपनीनें २०१४ सालीं 'आर्केड आर्काइव्हज' नांवाची मालिका सुरू केली. जुने आर्केड खेळ एकामागून एक, जवळ जवळ दर आठवड्यास एक याप्रमाणें, होते तसे प्रसिद्ध करावयाचे असा तिचा क्रम आहे. डाँकी काँगच्या बाबतींत तिनें एक शहाणपणाची गोष्ट केली. जपानांत प्रथम निघालेली आवृत्ति, नंतरची सुधारलेली आवृत्ति आणि परदेशांत गेलेली आवृत्ति, या तीनहि तिनें एकत्र दिल्या. जपानी खेळांत चार टप्पे ओळीनें येतात. अमेरिकन खेळांत पहिल्या फेरीस दोनच टप्पे येतात आणि पुढें पुढें बाकीचे मिळतात. संशोधक ग्रंथाच्या पाठभेदांची नोंद जशी राखतो, तशी ही पाठभेदांची नोंद म्हणावयास हरकत नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. जुना खेळ नव्या यंत्रावर आणण्याचे मुख्य मार्ग दोन. एक, मूळ खेळ पाहून त्याची आज्ञावली नव्या यंत्राच्या भाषेंत नव्यानें लिहावयाची. फॅमिकॉमची आवृत्ति याच प्रकारची. दुसरा मार्ग 'एम्युलेटर'चा. यांत मूळ आज्ञावलीस हात लावीत नाहींत. नव्या यंत्रांत असा एक प्रोग्रॅम बसवितात कीं, तो जुन्या यंत्राचें हुबेहूब सोंग घेतो आणि मूळ आज्ञावली ओळीमागून ओळ वाचून ती सांगेल तें करितो. मोडी लिपींतल्या जुन्या दप्तराचें उदाहरण घेतलें म्हणजे हा भेद चटकन् ध्यानांत येईल. पहिला मार्ग म्हणजे दप्तर वाचून त्याचा सारांश आजच्या मराठींत लिहून काढणें. लिहिणाऱ्याची चूक व आवड त्यांत उतरावयाचीच. दुसरा मार्ग म्हणजे मूळ कागद तसाच ठेवून मोडी वाचणारा जाणता मनुष्य घरीं आणून बसविणें. कागद बदलत नाहीं. वाचणारा किती जाणता आहे यावर सर्व अवलंबून राहतें.

हे जाणते वाचक तयार करण्याच्या कामीं हौशी लोकांनीं मोठा वाटा उचलला, हें नमूद करणें न्यायाचें होईल. निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थानें १९९७ सालीं 'मेम' नांवाचा एम्युलेटर प्रसिद्ध केला. पुढें अनेक देशांतील स्वयंसेवकांनीं मोडक्या यंत्रांतील एकेक चिप वाचून, तिचें वर्तन पडताळून, तो वाढवीत नेला. या खटाटोपांतील कायद्याचा भाग वादग्रस्त आहे. मूळ आज्ञावलीच्या प्रती विनापरवाना फिरवणें हें मालकीहक्काचें उल्लंघन होय. परंतु मालक स्वस्थ बसले असतां पुष्कळ जुन्या यंत्रांची रचना अशा लोकांनींच प्रथम कागदावर आणली, हेंहि तितकेंच खरें.

डाँकी काँगच्या यंत्रांतील मुख्य प्रोसेसर झायलॉग कंपनीचा 'झेड ८०'. त्याची गति ३.०७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास सुमारें तीस लाख ठोके. मुख्य आज्ञावली अवघी १६ किलोबाइट. इंग्रजी अक्षरांचा हिशेब धरला तर सातआठ छापील पानांचा मजकूर. आजचें यंत्र याच्या कित्येक पट वेगवान् असतां ही नक्कल अवघड कां जावी, अशी शंका येणें साहजिक आहे. अडचण वेगाची नाहीं, नेमकेपणाची आहे. पहिली गोष्ट ध्वनीची. सुताराच्या पावलांचा, उडीचा व वानराच्या पाय आपटण्याचा आवाज कोणत्याहि आज्ञावलींत लिहिलेला नाहीं. तो विजेच्या मंडलांतील रोधक व धारक यांच्या जुळणींतून प्रत्यक्ष निर्माण होतो. आज्ञावलीची नक्कल केली म्हणून हे आवाज हातीं लागत नाहींत; त्या जुळणींतून वीज कशी वाहते याचें गणित मांडावें लागतें. बुलबुलतरंगाची नोटेशन लिहून ठेवली म्हणजे त्याच्या तारेचा कंप लिहिला गेला असें होत नाहीं, तसेंच हें.

दुसरी गोष्ट पडद्याची. या खेळाचा पडदा उभा असे. त्यावर रुंदीस २२४ व उंचीस २५६ चित्रबिंदु, आणि चित्र सेकंदास सुमारें ६०.६ वेळां नव्यानें काढलें जाई. आपला घरचा टेलिव्हिजन आडवा असतो, आणि त्याची सामान्य गति सेकंदास ६० ची. अर्ध्या बिंदूचा हा फरक क्षुल्लक वाटतो; परंतु ग्रामोफोनची तबकडी किंचित् मंद फिरली तरी सराईत कानास सूर उतरल्याचें कळतें, तसें सराईत खेळाडूच्या हातास हें कळतें. शिवाय जुन्या कांचेच्या पडद्यावर चित्रांतील रेघांमध्यें बारीक काळोख राही आणि रंग एकमेकांत मिसळत. आजच्या चोख पडद्यावर तेंच चित्र ठोकळ्यांचें दिसतें. म्हणून चांगल्या पुनःप्रकाशनांत चित्र उभें फिरविण्याची आणि त्या रेघा दाखविण्याची सोय ठेवलेली असते. स्विच हें यंत्र हातांत धरून आडव्याचें उभें करतां येतें, ही या खेळाच्या बाबतींत विशेष सोयीची गोष्ट झाली.

तिसरी गोष्ट विलंबाची. मूळ यंत्रांत दांडा हलविला कीं त्याचा परिणाम पडद्यावर तात्काळ दिसे. आजचा टेलिव्हिजन चित्र दाखविण्यापूर्वीं तें अधिक सुबक करण्याच्या खटपटींत कांहीं क्षण खर्च करितो. एका चित्राचा काळ म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. अशीं चारपांच चित्रें मागें पडलीं तर पिंप पायाशीं आल्यावर उडी निघते, आणि खेळणारा आपल्या म्हातारपणास दोष देतो! घरीं असा खेळ आणल्यास टेलिव्हिजनच्या मांडणींत 'गेम मोड' नांवाची सोय असते, ती आधीं चालू करावी. हा खर्चाविनाचा उपाय पुष्कळांस ठाऊक नसतो.

आतां एक नाजूक प्रश्न. मूळ कृतींत दोष असेल तर पुनःप्रकाशनांत तो सुधारावा काय? डाँकी काँगमध्यें असा एक प्रसिद्ध दोष आहे. प्रत्येक फेरीस खेळाडूला किती वेळ द्यावयाचा हें यंत्र पुढील हिशेबानें ठरवितें. फेरीच्या क्रमांकास दहानें गुणावें, त्यांत ४० मिळवावे, आणि उत्तर ८० हून अधिक आल्यास ८० धरावें. बाविसाव्या फेरीस हें उत्तर २६० येतें. परंतु ज्या कप्प्यांत तें ठेवावयाचें त्यांत २५५ च्या वर आंकडा मावत नाहीं. २५६ ओलांडले कीं मोजणी पुन्हा शून्यापासून लागते, आणि शिल्लक उरतात ४. त्यामुळें ८,००० ऐवजीं ४०० चाच वेळ मिळतो, आणि सुतार वर पोंचण्यापूर्वींच कोसळतो. खेळ रचणाऱ्यांस इतक्या दूर कोणी पोंचेल असें वाटलेंच नव्हतें. हा दोष दुरुस्त करणें आज एका तासाचें काम आहे. पण तो दुरुस्त केला तर जगांतील निष्णात खेळाडूंनीं चाळीस वर्षें ज्या भिंतीशीं झुंज घेतली, ती भिंतच नाहींशी होईल. त्यांच्या विक्रमांचें माप नष्ट होईल. म्हणून येथें विवेक असा, कीं मूळ पाठास हात लावूं नये. सुधारणा करावयाची तर ती वेगळी आवृत्ति म्हणून शेजारीं ठेवावी.

एक बदल मात्र अपरिहार्य आहे, तो नाण्याचा. आर्केड खेळाची काठिण्यपातळी ही सौंदर्यदृष्टीनें जितकी ठरे तितकीच दुकानदाराच्या गल्ल्यानें ठरे. खेळणारा फार लौकर हरला तर तो पुन्हा येणार नाहीं. फार वेळ टिकला तर यंत्र अडून राहील. या दोहोंमधला तोल साधण्यांत त्या काळच्या रचनाकारांचें कौशल्य होतें. घरच्या यंत्रावर नाण्याऐवजीं नुसतें बटण दाबावयाचें असतें. ज्यास हरण्याची कांहीं किंमत मोजावी लागत नाहीं त्यास त्या खेळांतील धाकधूक कळत नाहीं. हॅम्स्टरच्या मालिकेंत यावर एक तोड काढली आहे. एकाच डावांत, अटी न बदलतां किती गुण मिळतात याची नोंद ठेवण्याचा एक प्रकार तींत आहे. आणि ठराविक पांच मिनिटांत किती गुण, असा दुसरा. घरांतील मुलांस हा खेळ दाखवावयाचा झाल्यास याच प्रकारांनीं दाखवावा. तीन जीव संपले कीं डाव दुसऱ्याच्या हातीं, असा नेम ठेवला म्हणजे पार्लरमधील चुरस दिवाणखान्यांत थोडीबहुत अवतरते.

यंत्राच्या अडचणींवर मात करतां येते. हक्काच्या अडचणींवर ती नेहमींच येते असें नाहीं. याचें एक उदाहरण आमच्या शहरांतील पुष्कळ मंडळींच्या जिव्हाळ्याचें आहे. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडील व्हिडिओ पार्लरांत 'मुस्तफा' या नांवानें एक खेळ अफाट लोकप्रिय होता. त्याचें खरें नांव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. तो जपानच्या कॅपकॉम कंपनीनें १९९३ सालीं काढला. त्यांतील चार पात्रांपैकीं मुस्तफा कैरो हें पात्र येथील मुलांस इतकें प्रिय झालें कीं, सबंध खेळच त्याच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. कॅपकॉमनें २०१८ सालीं या जातीच्या आपल्या सात जुन्या मारामारीच्या खेळांचा संग्रह काढला; त्यांत मुस्तफा नव्हता. कारण समजणें कठीण नाहीं. हा खेळ मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवर आधारलेला आहे, आणि नांवांतील कॅडिलॅक हें जनरल मोटर्सच्या मोटारीचें व्यापारी नांव आहे. आज्ञावली एकाची, पात्रें दुसऱ्याचीं, नांव तिसऱ्याचें. या सर्वांच्या सह्या एका कागदावर येतील तेव्हां खेळ बाहेर येईल. १९९३ पासून २०२४ अखेरपर्यंत तो कोणत्याहि घरगुती कन्सोलवर राजरोसपणें आला नव्हता.

हें अशक्य आहे असें मात्र समजूं नये. त्याच वर्षीं कॅपकॉमनेंच 'द पनिशर' हा मार्व्हलच्या चित्रकथेवरील खेळ काढला होता. त्याचा मूळ आर्केड अवतार मार्व्हलशीं नवा करार होऊन सप्टेंबर २०२४ मध्यें एका संग्रहांतून पुन्हा मिळूं लागला. म्हणजे एकाच वर्षीं, एकाच घरांत जन्मलेल्या दोन भावंडांपैकीं एकास एकतीस वर्षांनीं दार उघडलें आणि दुसरें उंबऱ्याबाहेर राहिलें. गुणांत उणें म्हणून नव्हे, कागदपत्रें अपुरीं म्हणून.

इकडे यंत्रें मात्र थांबून राहत नाहींत. कॅपकॉमच्याच १९९३ सालच्या नव्या यंत्रपट्ट्यांत, चोरट्या नकला रोखण्यासाठीं, आज्ञावली गुप्त लिपींत ठेवून तिची किल्ली एका लहान बॅटरीच्या आधारानें जतन केलेली होती. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाते, आणि यंत्र मृत होतें. जपानच्या कायद्याप्रमाणें कंपनीच्या नांवें प्रसिद्ध झालेल्या कृतीचा हक्क प्रसिद्धीपासून सत्तर वर्षें राहतो. त्या हिशेबानें १९८१ सालचा खेळ २०५१ अखेरपर्यंत मालकीचा. बॅटरी, धारक आणि कांचेचे पडदे तोंपर्यंत टिकावयाचे नाहींत. कायद्याचें आयुष्य वस्तूच्या आयुष्याहून लांब आहे, हें या प्रश्नाचें मर्म आहे.

मग व्यापारी पुनःप्रकाशन झालें म्हणजे जतन झालें काय? दुर्दैवानें तसेंहि नाहीं. हे खेळ बहुधा तारेवरून उतरवून घ्यावयाचे असतात. हातांत वस्तु येत नाहीं, वापरण्याची अनुज्ञा येते. निंटेंडोनें आपल्या 'वी' यंत्राचें विक्रीदालन ३० जानेवारी २०१९ रोजीं बंद केलें, आणि 'वी यू' व 'थ्री-डी-एस' या यंत्रांचें २७ मार्च २०२३ रोजीं. त्या दालनांत पुन्हा प्रसिद्ध झालेले शेंकडों जुने खेळ त्या दिवसापासून नव्या गिऱ्हाइकास मिळेनासे झाले. पुनर्जन्म झालेल्यांना दुसऱ्यांदा मरण आलें. यासाठींच ग्रंथालयांनीं अमेरिकेंत अशी सवलत मागितली होती कीं, बाजारांत न मिळणारे खेळ दूरच्या अभ्यासकांस दाखविण्याची आम्हांस मोकळीक असावी. तेथील कॉपीराइट कार्यालयानें ती ऑक्टोबर २०२४ मध्यें नाकारली. त्या खेळांचा उपयोग अभ्यासाऐवजीं करमणुकीसाठीं होईल, ही तेथील विरोधकांची धास्ती होती. नाटक वाचनालयांत ठेवलें तर कोणी तें करमणूक म्हणून वाचील, म्हणून ठेवूं नये, असें म्हणण्यासारखें हें आहे.

व्यापाऱ्याचें काम विकण्याचें आणि ग्रंथालयाचें काम राखण्याचें. एकानें दुसऱ्याची जागा घेऊं नये, आणि एकानें दुसऱ्याची वाटहि अडवूं नये. हॅम्स्टरसारखी कंपनी नेमकेपणानें मूळ पाठ प्रसिद्ध करिते तेव्हां ती खेळ लोकांच्या हातीं देते, आणि हातीं असलेल्या गोष्टीचीच समाज कदर करितो. हा तिचा उपकार मोठा आहे. परंतु उद्यां तिचें दुकान मिटलें तरी मूळ आज्ञावली, यंत्राचे आराखडे, जाहिरातींचे कागद आणि करारपत्रें कोठेंतरी सार्वजनिक कपाटांत सुरक्षित असलीं पाहिजेत. हा भार कंपन्यांवर सोंपवून आपण मोकळे होऊं शकत नाहीं.

आपल्यापुरतें म्हणावयाचें तर, ज्यांनीं एके काळीं पार्लर चालविलीं, त्या यंत्रांची दुरुस्ती केली, किंवा शाळा बुडवून तेथें नाणीं खर्चिलीं, तीं माणसें अजून आपल्यांत आहेत. कोणत्या गल्लींत कोणतें यंत्र होतें, एका डावास किती पैसे पडत, कोणत्या खेळास मुलांनीं काय नांव दिलें होतें, हें जपानांतील कोणतीहि कंपनी आपल्यासाठीं लिहून ठेवणार नाहीं. आज्ञावली कोठें तरी चिपमध्यें सांपडेल. ही माहिती मात्र केवळ स्मरणांत आहे, आणि स्मरणाची प्रत काढणारा एम्युलेटर अद्याप कोणीं बनविलेला नाहीं. म्हणून घरांतील अशा माणसांस विचारावें आणि तीं सांगतील तें सालवारीनें टिपून ठेवावें.